उत्तर आधी, गणित नंतर : ‘गोल सीक’ची पूर्वपीठिका

१/
एक यात्रेकरू घरून काही द्रव्य घेऊन निघाला. त्यातले निम्मे त्याने प्रयागात दान केले. उरलेल्याचे दोन नवमांश काशीत दिले. त्यानंतर उरलेल्याचा चतुर्थांश वाटेतल्या जकातीत गेला आणि त्यातूनही जे उरले त्याचे सहा दशांश गयेत खर्च झाले. तो घरी परतला तेव्हा गाठीला ६३ निष्क शिल्लक होते. मग निघताना त्याच्याजवळ किती द्रव्य होते?

२/
हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले आहे. ग्रंथ शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराचा. आज कार्यालयात बसून जो कोणी एक्सेलमध्ये ‘गोल सीक’ नावाची खिडकी उघडतो, तो याच यात्रेकरूचा प्रश्न विचारत असतो. शेवटचा आकडा ठाऊक आहे, मधले व्यवहार ठाऊक आहेत. आरंभ कोठून करावा, एवढेच हवे आहे. या उलट्या गणिताचा प्रवास, आणि त्यात दडलेला एक सापळा, हा आजच्या धाग्याचा विषय.

३/
प्रथम साधन समजून घेऊ. एक्सेलमध्ये ‘व्हॉट-इफ ॲनालिसिस’ या नावाखाली तीन साधने आहेत. ‘सिनारिओ मॅनेजर’ निरनिराळ्या गृहीतकांचे संच जपून ठेवतो. ‘डेटा टेबल’ एक-दोन आकडे बदलत गेल्यास निकाल कसा बदलेल त्याचा तक्ता मांडते. ही दोन्ही साधने पुढच्या दिशेने चालतात : अमुक केले तर काय होईल? तिसरे साधन ‘गोल सीक’ मात्र मागे चालते : अमुक व्हावे असे वाटत असेल तर काय करावे लागेल? त्याला तीनच गोष्टी सांगाव्या लागतात. लक्ष्य कोणत्या चौकटीत आहे, ते किती असावे, आणि त्यासाठी कोणती एक चौकट बदलायची.

४/
आता यात्रेकरूकडे वळू. पहिली रीत उलट पावलांनी जाण्याची. ६३ निष्क हे गयेपूर्वीच्या द्रव्याचे चार दशांश, म्हणून गयेपूर्वी १५७.५. ते जकातीपूर्वीच्या द्रव्याचे तीन चतुर्थांश, म्हणून २१०. ते काशीपूर्वीच्या द्रव्याचे सात नवमांश, म्हणून २७०. आणि ते मूळ द्रव्याचे निम्मे, म्हणून ५४०. या रीतीला विलोमविधी म्हणतात. गुणाकार असेल तेथे भागाकार, बेरीज असेल तेथे वजाबाकी, वर्ग असेल तेथे वर्गमूळ. हा नियम भास्कराचार्यांच्याही साडेसहाशे वर्षे आधी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटाने सूत्ररूपाने सांगून ठेवला होता.

५/
दुसरी रीत अधिक चतुर आहे. तिचे नाव इष्टकर्म. मनाला येईल ती संख्या उत्तर म्हणून धरा आणि सगळे व्यवहार सरळ क्रमाने करून पाहा. येथे १ धरला तर शेवटी ७/६० उरतात. आपल्याला हवेत ६३. म्हणून ६३ ला ७/६० ने भागा : उत्तर ५४०. उत्तर ठाऊक नसताना खोटे उत्तर धरायचे आणि ते किती खोटे ठरले यावरून खरे काढायचे, अशी ही युक्ती. नवख्या विद्यार्थ्याला ती जादूच वाटते. पण व्यवहार केवळ प्रमाणात वाढणारा-घटणारा असेल तर ती अचूक चालते.

६/
ही युक्ती एकट्या भारताची नव्हे. इ. स. पूर्व १५५० च्या आसपास आहमेस नावाच्या इजिप्शियन लेखनिकाने एका जुन्या लेखाची नक्कल केली. ऱ्हाइंड पपायरस म्हणून ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात विचारले आहे : एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर राशी किती? उत्तर शोधताना ७ धरले आहेत. ७ आणि त्याचा सातवा भाग मिळून ८. मग १९ मध्ये ८ जितके वेळा जातात तितक्या वेळा ७. उत्तर १६ पूर्णांक ५/८. नाईलच्या काठावरचा हिशेबनीस आणि सह्याद्रीच्या परिसरातला गणिती एकच वाट चालले.

७/
महाराष्ट्राच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारातले ज्योतिषी. ‘लीलावती’तला यात्रेकरू खानदेशातल्या त्या मठात कितीतरी विद्यार्थ्यांच्या पाटीवर प्रयाग-काशी-गया करून आला असेल.

८/
परंतु इष्टकर्माला एक मर्यादा आहे. व्यवहारात एखादी ठरावीक रक्कम मिळवली किंवा वजा केली, की सरळ प्रमाण मोडते आणि एक खोटे उत्तर पुरत नाही. मग दोन खोटी उत्तरे धरावी लागतात. एकाने किती चुकलो, दुसऱ्याने किती चुकलो, हे पाहून त्या दोन चुकांमधून खरे उत्तर गाठायचे. हान काळातल्या चिनी ‘नऊ अध्यायां’च्या सातव्या अध्यायाचा विषयच ‘अधिक आणि उणे’ हा आहे. अरबी गणितींनी या रीतीला ‘दोन चुकांची रीत’ असे नाव दिले आणि १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, ती ‘लिबेर आबाची’तून युरोपच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचवली.

९/
व्याजाचा प्रश्न याहून कठीण. शंभर रुपये महिनाभर कर्जाऊ दिले, आलेले व्याज त्याच दराने पुन्हा सहा महिने दिले आणि व्याज व व्याजावरचे व्याज मिळून १६ झाले. तर मूळ मासिक व्याज किती? उत्तर १०. अशा उदाहरणात वर्गसमीकरण दडलेले असते, आणि आर्यभटाने त्यासाठीही नियम दिला आहे. मात्र हप्ते दहा वर्षे चालू असतील तर दर थेट काढून देणारे सोपे सूत्रच उरत नाही. तेथे अंदाज, चूक आणि दुरुस्ती हाच मार्ग. म्हणून सावकार व पेढीवाले व्याजाचे तयार तक्ते जवळ बाळगत आणि ते व्यापारी गुपित मानत. १५८२ मध्ये सायमन स्टेव्हिनने अँटवर्पमधून असे तक्ते छापून ते गुपित बाजारात आणले.

१०/
तीच गोष्ट आजच्या आकड्यांत पाहू. दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी १० लाख हवेत. वार्षिक ८ टक्के दर, चक्रवाढ मासिक, बचत दर महिन्याच्या अखेरीस. महिन्याला किती टाकावे? हजार रुपये धरून पाहिले तर शेवटी सुमारे १,८२,९४६ होतात. १० लाखांना त्याने भागून हजाराने गुणले की ५,४६६ येतात. हे निखळ इष्टकर्म झाले. भास्कराचार्यांना यात नवे काहीच वाटले नसते.

११/
आता चौकट बदला. समजा, महिन्याला ४,३४७ च जमतात. मग १० लाख होण्यासाठी दर किती हवा? येथे एक अंदाज पुरत नाही. ८ टक्के धरले तर सुमारे ७.९५ लाख, कमी पडले. १० धरले तर ८.९० लाख, अजून कमी. या दोन चुकांच्या प्रमाणाने पुढे गेले की १२.३ टक्के येतात. ते धरले तर १०.१८ लाख, थोडे जास्त. पुन्हा दुरुस्ती केली की ११.९८. आणखी एक पाऊल, आणि १२. संगणक नेमके हेच करतो : अंदाज, चूक, दुरुस्ती. एक्सेल सामान्यतः शंभर फेऱ्यांपर्यंत प्रयत्न करते आणि लक्ष्यापासूनचे अंतर ०.००१ च्या आत आले की थांबते.

१२/
१०/ आणि ११/ पुन्हा वाचावे, कारण सापळा तेथेच आहे. पहिल्या उदाहरणात बदलणारी चौकट होती बचत. ती आपल्या हाती असते. दुसऱ्यात बदलणारी चौकट होती व्याजदर. तो बाजाराच्या हाती असतो. यंत्राला दोन्ही चौकटी सारख्याच. ‘बारा टक्के’ असे उत्तर पडद्यावर उमटले म्हणून बारा टक्के कोणी देत नाही. दर ८ च राहिला तर दहा वर्षांनी दोन लाखांची तूट पदरी पडेल. आणि ती कळेल तेव्हा मुलगी महाविद्यालयाच्या दारात उभी असेल.

१३/
यात्रेकरूचे ६३ निष्क हे घडून गेलेले सत्य होते. भूतकाळ एकच असतो, म्हणून त्याचे विलोमगणितही निर्विवाद. लक्ष्य भविष्यातले असले की विलोमगणिताचे स्वरूप बदलते. तेथे उत्तर म्हणून जो आकडा येतो तो शोध नसतो, अट असते. इतिहासात ही अट विसरली गेली, तेव्हा हिशेबाची किंमत इतरांना मोजावी लागली. दोन उदाहरणे घेऊ. पहिले आपल्या मुंबईचे.

१४/
जानेवारी १९४४. महायुद्ध चालू आहे, स्वातंत्र्य दृष्टिपथात आहे. पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशिर दलाल, श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई या आठ जणांनी भारताच्या आर्थिक विकासाची एक योजना प्रसिद्ध केली. ‘मुंबई योजना’ या नावाने ती ओळखली जाते. तिची बांधणी पाहिली तर ‘गोल सीक’ हे साधन जन्मण्यापूर्वीच त्याची विचारपद्धती पूर्णत्वास गेली होती, हे ध्यानात येते.

१५/
योजनेने आरंभ माणसाच्या ताटापासून केला. माणशी दिवसाला २,८०० कॅलरींचा आहार, वर्षाला ३० वार कापड, राहायला १०० चौरस फूट जागा. त्यावरून युद्धपूर्व किमतींनुसार माणशी वर्षाला किमान ७४ रुपये लागतात असे ठरले. प्रत्यक्ष दरडोई उत्पन्न होते ६५ च्या आसपास, तेही अत्यंत विषम वाटलेले. म्हणून लक्ष्य ठरले : पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट. लोकसंख्येची वाढ जमेस धरता एकूण राष्ट्रीय उत्पन्न तिप्पट व्हायला हवे. त्यासाठी शेतीचे उत्पादन १३० टक्क्यांनी, सेवांचे २०० टक्क्यांनी आणि उद्योगांचे ५०० टक्क्यांनी वाढायला हवे.

१६/
आणि त्यासाठी भांडवल? दहा हजार कोटी. उद्योग ४,४८०, घरे २,२००, शेती १,२४०, दळणवळण ९४०, शिक्षण ४९०, आरोग्य ४५०, संकीर्ण २०० कोटी. ताटापासून निघून पावलापावलाने मागे जात कारखान्यांपर्यंत पोचणारा हा विलोमविधी विस्मयकारक आहे. परकीय राजवटीत अंदाजपत्रक ‘तिजोरीत किती आहे’ येथून सुरू होई. येथे ‘माणसाला किती हवे’ येथून हिशेब मांडला गेला. या योजनेचे मोठेपण मान्य करूनच पुढची पायरी पाहायला हवी.

१७/
पैसा कोठून आणायचा? दडवलेली संपत्ती ३०० कोटी, लंडनमध्ये साठलेली स्टर्लिंग शिल्लक १,००० कोटी, व्यापारातली अधिक्य ६०० कोटी, परकीय कर्ज ७०० कोटी, जनतेची बचत ४,००० कोटी. बेरीज होते ६,६००. लक्ष्य दहा हजार. मग उरलेले ३,४०० कोटी? ते ‘निर्माण केलेला पैसा’ या सदरात आले, म्हणजे सरकारी रोख्यांच्या आधारे काढलेल्या नव्या चलनातून. एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग ज्या चौकटीत बसवला होता, ती लक्ष्य गाठेपर्यंत वाढवता येईल अशी चौकट होती.

१८/
हे चोरून केलेले नव्हते. योजनाकारांनी स्वतःच लिहिले की या पैशामुळे किमतींवर ताण येईल आणि तो आवरण्यासाठी आर्थिक जीवनाच्या जवळजवळ प्रत्येक अंगावर सरकारला कडक नियंत्रण ठेवावे लागेल. तेवढ्या काळापुरता व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होईल. देशातल्या सर्वांत मोठ्या कारखानदारांनी हे लिहावे, यातच त्या चौकटीचे वजन कळते. शिवाय युद्धखर्चासाठी काढलेल्या चलनाने किमती कशा भडकतात हे देश तेव्हा भोगत होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्यात महागाईचाही हात होता.

१९/
मुंबई योजना जशीच्या तशी कधीच राबवली गेली नाही. पण तिची रीत राहिली. लक्ष्य आधी, साधने नंतर, आणि दोहोंमधली दरी भरून काढणारे एखादे सदर, हा साचा पुढच्या नियोजनाच्या कागदपत्रांत वारंवार दिसतो. म्हणून कोणतीही योजना वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा : बेरीज जुळवण्यासाठी यातली कोणती चौकट हलवली आहे, आणि ती हलल्याचा भार कोणावर पडणार आहे?

२०/
दुसरे उदाहरण अमेरिकेचे, १९८१ चे. रोनाल्ड रेगन नुकतेच अध्यक्ष झाले होते. कर कमी करायचा, संरक्षणखर्च वाढवायचा आणि १९८४ पर्यंत अंदाजपत्रक समतोल करायचे, असे वचन होते. अर्थसंकल्प कार्यालयाचे ३४ वर्षांचे प्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी हे सारे संगणकाला घातले, तेव्हा उत्तर आले तुटीचे : १९८२ मध्ये ८२ अब्ज डॉलर, १९८४ पर्यंत ११६ अब्ज. लक्ष्य होते शून्य.

२१/
वचन बदलता येत नव्हते. म्हणून गृहीतके बदलली गेली. वाढीचा दर आणि महागाई यांचे आशादायी आकडे वाटाघाटीने ठरले. तरीही दरी उरली, तेव्हा अंदाजपत्रकात एक ओळ आली : पुढे निश्चित करावयाच्या बचती. वॉशिंग्टनमध्ये तिला ‘जादूची फुली’ म्हणू लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘अटलांटिक’ मासिकातल्या विल्यम ग्रायडर यांच्या लेखात स्टॉकमन यांच्याच तोंडून ही हकिकत बाहेर आली. १९८४ ची प्रत्यक्ष तूट सुमारे १८५ अब्ज डॉलर होती. पहिल्या, नकोशा उत्तरापेक्षाही कितीतरी अधिक.

२२/
त्याच सुमारास हे सामर्थ्य सामान्य माणसाच्या मेजावर येत होते. १९७८ मध्ये हार्वर्डच्या वर्गात डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याने पाहिले की फळ्यावरचा एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढची सारी रांग पुसून पुन्हा लिहावी लागते. त्याने बॉब फ्रँकस्टनसह ‘व्हिजिकॅल्क’ रचले. १९७९ मध्ये ते ॲपल टू या संगणकावर आले. ६३ स्तंभ, २५४ ओळी. एक आकडा बदला, सगळा कागद आपोआप बदलतो. १९८१ मध्ये आलेला एचपी-१२सी हा खिशातला कॅल्क्युलेटर तर कर्जाचा व्याजदरही काही क्षण ‘धावून’ शोधून देई.

२३/
ब्रिकलिन-फ्रँकस्टन यांच्याच कंपनीने पुढे मिलोश कोनोपासेक यांचे ‘टीके सॉल्व्हर’ बाजारात आणले. समीकरण लिहा, त्यातली कोणतीही राशी अज्ञात ठेवा. यंत्र मागे जाऊन ती शोधील. १९८३ मध्ये मिच केपर यांच्या ‘लोटस १-२-३’ने ‘जर-तर’चे तक्ते घरोघरच्या कार्यालयांत नेले. आणि व्हिजिकॅल्कचे प्रकाशक डॅन फिल्स्ट्रा यांच्याच नव्या कंपनीने पुढे एक्सेलचा ‘सॉल्व्हर’ घडवला. एकाऐवजी अनेक चौकटी, आणि त्यांच्यावर मर्यादाही घालता येतील असा.

२४/
मर्यादा घालता येणे, ही या साऱ्या प्रवासातली मला सर्वांत मोलाची पायरी वाटते. ‘गोल सीक’ला विवेक नाही. बचत ऋण केली तरी चालेल, दर ४० टक्के केला तरी चालेल. बेरीज जुळली की ते प्रसन्न. कोणती चौकट हलू द्यायची आणि ती कोठवर हलू द्यायची, हे माणसानेच आधी ठरवायचे असते. तसे ठरवले तर ‘उत्तर सापडत नाही’ हाही निकाल येऊ शकतो. आणि पुष्कळदा तोच सर्वांत प्रामाणिक निकाल असतो.

२५/
म्हणून या जुन्या विद्येचा नवा नियम असा मांडता येईल. उलटे गणित जरूर करा; लक्ष्याशिवाय हिशेब आंधळा असतो. परंतु उत्तर आल्यावर तोच आकडा घेऊन पुन्हा सरळ चाला आणि तो थोडा चुकला तर काय होईल हे पाहा. प्रयागाहून काशीला, काशीहून गयेला. यात्रेकरू ५४० निष्क घेऊन निघाला होता हे खरे. पण वाटेत जकात वाढली असती, तर घरी ६३ पोचले नसते.

२६/
तुमच्या घरच्या, संस्थेच्या किंवा गावच्या अंदाजपत्रकात बेरीज जुळवणारी चौकट कोणती, हे एकदा शोधून पाहा. सापडली तर खाली अवश्य लिहा. धागा येथे संपतो.